प्याला पुढे देताना

१२ फेब्रुवारी

प्रिय चिमणी,

सप्रेम सलाम. साठी उलटली, दोन नातवंडं मांडीवर घेऊनही तुझी मांडी उरते, आणि मी अजून चिमणीच म्हणते. रागावू नकोस. तुझ्या दादानं ठेवलेलं नाव आहे. हे गेले म्हणून मी ते बदलणार नाही.

तू विचारलंस की आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या प्याल्यात खरी वाइन असते, की तुमच्यासारखा नुसता द्राक्षांचा रस. खरी असते. गुरुजी आणतात. गुरुजी म्हणजे ते निवृत्त शिक्षक, मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांतले सगळ्यात जुने. प्रभूनं जे दिलं तेच द्यायचं, त्यात आपलं डोकं चालवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. प्याला त्यांच्यापासून निघतो आणि बाकाबाकांवरून हातोहात पुढे जातो. ते स्वतः पितात आणि मग मिशी इतक्या निगुतीनं पुसतात की आत्म्यापेक्षा मिशीलाच जास्त लाभ झाला असावा असं वाटतं. हे तुला म्हणून लिहिलं.

आता पुढचंही तुला म्हणूनच. तीस वर्षं झाली, त्या प्याल्यातला एक थेंबही मी घेतलेला नाही. ओठांना लावते, ओठ मिटलेले ठेवते आणि पुढे देते. हेही तेच करायचे. अठ्ठावीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसून हे केलं आणि कुणाला कळू दिलं नाही.

कारण तुला माहीत नाही. तुझा दादा प्यायचा. तू लग्न होऊन गेलीस त्यानंतरची सहा वर्षं. हात थरथरायला लागले होते. एकदा रंध्याखाली अंगठा सापडला. मी स्वयंपाकघरात पट्टी बांधत होते तेव्हा म्हणाले, आता बस. मी म्हटलं, तुम्ही नाही तर मीही नाही. मी कधी घेतलीच नव्हती, माझं काय जाणार होतं? पण एकट्यानं नाही म्हणणं जड असतं. थेंबभरसुद्धा नाही, असं आमचं ठरलं. मग रविवार आला, प्याला आला, ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तिथून ओठ मिटायची सवय लागली.

पाळकांना सांगून रस आणायला लावता आला असता. पण मग गुरुजींचं काय? ते घेतात ते प्रभूसाठी घेतात. मी थांबते ती प्रभूसाठी थांबते. त्यांचं चुकत नाही, माझंही चुकत नाही. धन्याला आपले नोकर कळतात. दुसऱ्याच्या नोकराची हजेरी घेणारी मी कोण? बायबलात प्रेषितानं नुसती भाजी खाणाऱ्यांबद्दल आणि सगळं खाणाऱ्यांबद्दल मंडळीला जे लिहिलं, ते मी इतक्यांदा वाचलंय की पानाचा कोपरा मऊ पडलाय. माझी शाळा चौथीत सुटली. बोट ठेवून वाचते. पण त्यामुळे ओळ निसटत नाही.

बाकी ठीक. प्रभुभोजनाची भाकर अजून मीच करते. ह्यांनी केलेल्या टेबलावर मी केलेली भाकर ठेवली जाते, तेवढा वेळ मला एकटं वाटत नाही.

तुझी,
वहिनी


२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम सलाम. ओट्याशी उभी राहूनच पत्र वाचलं. दूध उतू गेलं तरी मी तशीच.

दादा प्यायचा. आई गेली, सांगून गेली नाही. तू नाही सांगितलंस. दादा तर काय सांगणार. मी दर सुट्टीत येत होते, त्याच्या हातचे पाट घेऊन जात होते, आणि मला कुणी काही बोललं नाही. मी रागावले नाही, वहिनी. पण आपण शाळेत एका दप्तरात पुस्तकं ठेवायचो. मीच तुला त्या घरात आणलं. मला कळायला हवं होतं.

आमच्या ह्यांचं काम जोरात आहे. मंडळीचं मासिक पत्रक ह्यांच्याकडे आहे, हे तुला ठाऊक आहेच. ह्यांचं अक्षर ह्यांनाच लागत नाही, म्हणून छापायला द्यायची प्रत मी करते. येता अंक प्याल्यावरच आहे. आपल्या मंडळ्यांमधून वाइन जावी म्हणून हे जिवाचं रान करतायत.

एक विचारू? दादाचं ते कधी सुरू झालं, कुणामुळे, असं तो कधी बोलला होता का?

तुझी,
चिमणी


११ मार्च

प्रिय चिमणी,

सप्रेम सलाम. धुलाईघरातून लिहिते आहे. इस्पितळाच्या चादरींचे ढीग समोर आहेत. यंत्र बंद पडलंय आणि मुकादम त्याला शिव्या घालतोय, म्हणून मला सवड. फाटलेली चादर बाजूला काढायची, शिवण्याजोगी शिवायची, अगदीच गेलेली कापून पट्ट्या करायच्या. कमरेला कात्री बांधून दिवसभर फिरते. परिचारिका म्हणतात, आजी, तुम्हाला बघून डॉक्टरसुद्धा घाबरतात.

तू विचारलंस ते मी ह्यांना एकदाच विचारलं होतं. म्हणाले, एका लग्नात कुणीतरी प्रेमानं पेला हातात दिला. मी म्हटलं, कुणी? म्हणाले, प्रेमानं दिला ना, मग नाव कशाला? पुढचे पेले मी माझे मीच शोधले.

त्यावर मी काही विचारलं नाही. तूही मनाला लावून घेऊ नकोस. झालं ते झालं, आणि शेवटची अठ्ठावीस वर्षं तो माणूस स्वच्छ होता.

भावोजींना सलाम सांग.

तुझी,
वहिनी


२२ एप्रिल

चिमणी,

तुमच्या पत्रकाच्या आठ प्रती आमच्या मंडळीत टपालानं आल्या. उपासना संपल्यावर पाळकांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. गुरुजी आधीच बसलेले होते. टेबलावर पत्रक उघडं होतं. 'एका विधवा बहिणीची वेदना.'

मी बोट ठेवून वाचलं. दोघं जण थांबून राहिले.

सुताराची विधवा. प्रभुभोजनाची भाकर करणारी. नवरा व्यसनी, त्याचा अंगठा रंध्याखाली गेलेला. तीस वर्षं मिटलेले ओठ. सगळं माझं. वाक्यंसुद्धा माझी. आणि शेवटी असं, की या बहिणीसारखे कितीजण अशा मंडळ्यांमधून मुकाट्यानं हा छळ सोसत असतील.

छळ हा शब्द मी कुठं लिहिला होता?

नाव नाही घातलेलं. आमच्या मंडळीत सुताराची विधवा एकच आहे.

गुरुजींनी चष्मा काढला. म्हणाले, "बाई, तीस वर्षं तुम्ही प्याला माझ्या हातून घेतलात. एकदा सांगायचं होतंत. मी काय विष देत होतो?"

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर रस आणला असतात?"

"नसता आणला. पण तुम्हाला बळजबरीही केली नसती. आणि असं बाहेरच्या गावी छापायला पाठवावं लागलं नसतं."

"मी छापायला नाही पाठवलं."

"मग कुणी?"

तुझं नाव तोंडावर आलं होतं, ते गिळलं. मी सांगितलं की मी एका जवळच्या माणसाला पत्र लिहिलं होतं, त्यात कुणालाही दोष दिलेला नव्हता, उलट होतं. पाळक म्हणाले, मूळ पत्र दाखवा म्हणजे प्रश्न मिटला. तोवर भाकरीचं काम दुसऱ्या बाईंकडे राहू दे, लोकांची मनं कलुषित झालीयत.

मूळ पत्र तुझ्याकडे आहे. परतीच्या टपालानं पाठव. आणि हे कसं झालं, ते सांग.

वहिनी


४ मे

प्रिय वहिनी,

सप्रेम सलाम. तुझ्या पत्रानं मला फार वाईट वाटलं. तुला त्रास व्हावा असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

काय आहे, आमच्या ह्यांना मी तुझं पत्र वाचायला दिलं. त्यांना ते इतकं भिडलं की म्हणाले, हे लोकांपर्यंत गेलंच पाहिजे. तू त्यांचा स्वभाव जाणतेस. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. मी म्हटलं होतं, वहिनीला विचारू या. पण अंकाची घाई होती. नाव तर कुठंच नाही. इतक्या मंडळ्यांत सुतारांच्या विधवा काय कमी असतील?

आणि वहिनी, खोटं काही छापलेलं नाही ना? तू घेत नाहीस हे खरं. दादाला त्रास झाला हे खरं. दोन मंडळ्यांनी वाइन बंद केली, असं परवाच कळवलंय. तुझ्यामुळे. मला वाटलं होतं, तुला बरं वाटेल.

पत्र शोधतेय. ह्यांच्या कागदांत कुठं गेलं सापडत नाही. मिळालं की पाठवते.

तुझी,
चिमणी


१२ मे

तुझं पत्र मिळालं.

सुतारांच्या विधवांबद्दल तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तुझ्यासारख्या बाईनं असं लिहावं, याचं नवल वाटलं.

खोटं काही छापलेलं नाही म्हणतेस. मी लिहिलं होतं, त्यांचं चुकत नाही, माझंही चुकत नाही. मी लिहिलं होतं, दुसऱ्याच्या नोकराची हजेरी घेणारी मी कोण. ते कुठं आहे? त्याच्या वरचं आहे, खालचं आहे, मधलं नाही. बाईचे हात ठेवून जीभ कापावी, तसं केलंय. ज्या पत्रात मी कुणालाही दोष दिला नाही, त्याच पत्राचं भावोजींनी गुरुजींवर उगारायला दांडकं केलं. आणि आता सगळी मंडळी म्हणते, बाई समोर हसत होती आणि मागून आमच्यावर लिहीत होती.

प्याला माझ्यापर्यंत येतो तेव्हा सगळा बाक माझ्या ओठांकडे बघतो. गेल्या रविवारी मी बाहेरच्या पायरीवर बसले.

पत्र फाडलं असेल तर तसं लिही. शोधतेय असं लिहू नकोस.

वहिनी


२० जून

पाच आठवडे उलटून गेले, उत्तर नाही.

मागच्या रविवारी टेबलावरची चादर बदलताना एक बाई दुसरीला म्हणाली, "कुणाच्या हातचं आहे माहितीये ना? दारुड्याच्या." दुसरी हसली नाही, पण तिला गप्पही केलं नाही.

हे टेबल ह्यांनी दारू सोडल्याच्या तिसऱ्या वर्षी केलं. हात थरथरतायत का ते बघायला चारही पाय नुसत्या डोळ्यानं मापून कापले. एक पायही डुगडुगत नाही. मी हे त्या बायांना सांगितलं नाही. तुला सांगते, कारण तुझा तो भाऊ होता.

वहिनी


८ जुलै

वहिनी,

यासोबत तुझं पत्र आहे. ते हरवलं नव्हतं. माझ्या शिवणाच्या डब्यात होतं.

आमच्या ह्यांनी ते कधी पाहिलंच नाही. मी ह्यांच्यावर ढकललं. ह्यांना मी सांगितलं की एका बहिणीनं मला सांगितलेली हकीकत आहे, मी लिहून देते. मी लिहून दिलं, ह्यांनी छापलं. ओळी मी गाळल्या. छळ हा शब्द माझा.

माझ्या लग्नात, तू घरी आईच्या उशाशी बसली होतीस तेव्हा, दादा सासरच्या मंडळींत अवघडून बसला होता. माझे दीर पेले भरत होते. त्याला कुणी विचारत नव्हतं, म्हणून मला वाईट वाटलं. मीच पेला घेऊन गेले. म्हटलं, "घे रे, आज तरी शिष्टपणा नको. माझ्यासाठी." त्यानं माझ्यासाठी घेतला. मग पहाटेपर्यंत तो गात होता आणि सगळे म्हणाले, नवरीचा भाऊ लाख माणूस आहे. मला किती अभिमान वाटला होता.

पुढचं मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. तुझ्या फेब्रुवारीच्या पत्रानं कळलं. मग ती ओळ आली, त्यांचं चुकत नाही. वहिनी, घेणाऱ्यांचं चुकत नाही, देणाऱ्यांचं चुकत नाही, तर ती सहा वर्षं मी कुणाच्या माथी मारू? माझ्याशिवाय कुणी उरतच नाही. म्हणून ती ओळ मला नको झाली. मंडळ्यांचं चुकतंय असं ठरलं, म्हणजे मी त्यांच्यातली एक होते. नाहीतर एकटीच.

अजून एक आहे. ते लिहिलं नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा प्रत माझ्याच हातात होती. अंक थांबवता आला असता. 'प्रेमानं दिला ना, मग नाव कशाला' हे मी वाचलं. दादानं मला सांभाळून घेतलं होतं, हे कळलं. आणि मी बसून प्रत आणखी कडक केली.

गुरुजींच्या मिशीचं पण गाळलं. तेवढंच तुझ्यासाठी केलं.

चिमणी


३० जुलै

वर 'प्रिय' नाही आणि नावही नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. चिमणी असं लिहायला हात उचलला, पण लिहवलं नाही.

पत्र मिळालं. धुलाईघरात दुपारच्या सुट्टीत उघडलं. आधी माझं वाचलं. मनात म्हटलं, आता पाळकांच्या हातात ठेवते, बघू दे सगळ्यांना. आणि पहिल्याच पानावर ती मिशी आली. आत्म्यापेक्षा मिशीलाच जास्त लाभ. मी साफ विसरले होते.

दुसऱ्याच्या नोकराची हजेरी घेणारी मी कोण, असं विचारणाऱ्या बाईनं बारा-पंधरा ओळी आधीच हजेरी घेऊन टाकली होती.

कमरेला कात्री होती. एवढी एक ओळ, पानाच्या अगदी तळाशी. तेवढी पट्टी कापली असती तर कुणाला कळलं नसतं, पानं फाटतात. मी कात्री हातात घेतलीही. तू त्या प्रतीवर कशी बसली असशील, ते तेव्हा मला दिसलं. दिसलं म्हणून राग गेला असं समजू नकोस. नुसतं दिसलं.

मी गुरुजींच्या घरी गेले. ते बाहेरच्या खोलीत नातीची वही तपासत बसले होते. मी म्हटलं, मूळ पत्र आणलंय, मी वाचते, तुम्ही ऐका. सगळं वाचलं. मिशीशी आले तेव्हा आवाज खाली गेला, पण वाचलं. त्यांचा हात मिशीकडे गेला आणि मधेच थांबला. आतून त्यांच्या सूनबाई हसल्या, मग खोकल्या.

"पुढे वाचा, बाई," म्हणाले.

शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "ते नोकराचं परत वाचा." परत वाचलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या. सवय जडली. कुणाचाही कागद समोर आला की लाल शाई काढायची. हे पत्रक आलं, तेव्हा पूर्ण कागद आहे की फाटका, हेसुद्धा पाहिलं नाही मी."

मी म्हटलं, "आणि मिशीचं?"

"मिशीचं खरंय," म्हणाले. "ही पण तेच म्हणायची." त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली.

पुढच्या रविवारी मी आत बसले. प्याला बाकावरून येत होता. माझ्याआधी एक माणूस असताना गुरुजी उठून आले, त्याच्या हातून प्याला घेतला आणि माझ्यासमोर धरला, तो ओठांपाशी नाही, हातांपाशी. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढे द्या, बाई." मी दोन्ही हातांनी घेतला आणि पुढे दिला. तीस वर्षांत पहिल्यांदा ओठांना न लावता. त्यात वाइनच होती. त्यांनी ती बदललेली नाही आणि मी बदला म्हटलेलं नाही.

हे असते तर, एवढंच वाटत राहिलं. अठ्ठावीस वर्षं त्या माणसानं ओठ दाबून धरले, आणि त्यातून सुटायला इतकंच लागत होतं.

सगळं निस्तरलं असं नाही. भाकर दुसऱ्या बाई करतात, जाड करतात. मी काही बोलत नाही. टेबलाबद्दल ती बाई जे म्हणाली ते मागे घ्यायला कुणी आलं नाही. ह्यांचं ते मी पोटात ठेवलं होतं, आता ते लोकांच्या तोंडी आहे, आणि तिथून परत आणायला कुठलंच मूळ पत्र उपयोगाचं नाही. हे तू केलंस. आमच्या गुरुजींनी नाही, वाइननं नाही.

तुझं आठ जुलैचं पत्र मी कुणालाही दाखवलेलं नाही. गुरुजींनी विचारलं, गाळलं कुणी? मी म्हटलं, ते राहू द्या. ह्यांनी तुझं नाव मला सांगितलं नाही, मी दुसऱ्यांना कसं सांगू? फरक एवढाच की ह्यांनी प्रेमापोटी नाही सांगितलं. माझ्याकडे सध्या तेवढं नाही. मी नुसतंच सांगत नाही.

त्या पेल्याबद्दल मात्र ऐक. तो पेला मी तुझ्या माथी मारत नाही. ह्यांनी मारला नाही, तर मला अधिकार काय? तू चोवीस वर्षांची होतीस आणि भाऊ एकटा बसला होता. तुझा धनी बघून घेईल. ओळी गाळल्यास त्याचं मात्र माझ्यापाशी उत्तर द्यावं लागेल, कारण त्या माझ्या होत्या.

भावोजींना खरं सांग. ते बिचारे अजून समजत असतील की त्यांनी चांगलं काम केलं. आणि गाळलेल्या ओळी पुढच्या अंकात छापा. मिशीचीही गाळू नका. गुरुजींनी परवानगी दिली आहे.

उत्तर लगेच मागत नाही. टपाल मी रोज बघते, ते जुन्या सवयीनं.

हे पत्र कुणाला दाखवावंसं वाटलं तर दाखव. दाखवशील तर अख्खं दाखव.

तुझ्या दादाची बायको